मृत्युपत्रात सापडलेले माहेर

मृत्युपत्र लिहिणाऱ्याच्या मनात सामान्यतः एकच हेतू असतो. आपल्यामागे मिळकतीवरून भांडणे होऊ नयेत. घर कुणाचे, जमीन कुणाची, भांडीकुंडी आणि दागदागिने कुणाचे, देणी कुणी फेडायची, हे हयातीतच ठरवून ठेवावे. हा कागद दोन-तीनशे वर्षांनी कुणी परके माणूस उलगडून बसेल आणि त्यात आपल्या पूर्वजांची नावे शोधील, असे त्याच्या स्वप्नातही नसते. परंतु जगाच्या पाठीवर लक्षावधी माणसे अशी आहेत की, त्यांना आपल्या खापरपणजीचे नाव हवे असेल तर ते दुसऱ्याच कुणाच्या तरी मृत्युपत्रात शोधावे लागते. आणि तेही वारसांच्या यादीत नव्हे, मिळकतीच्या यादीत. घोडे, गायी, पलंग, तांब्याची पातेली, आणि त्यांच्याच पंक्तीला एक स्त्री व तिचे मूल!

ही माणसे म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीय गुलामांचे वंशज. त्यांचे दुःख महाराष्ट्राला अगदीच परके नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांनाच तो अर्पण केला होता. शाळेत इतिहास शिकविताना मी ही गोष्ट मुलींना नेहमी सांगत असे. पण त्या मुक्त झालेल्या माणसांचे पुढे काय झाले, आपली तुटलेली घराणी त्यांनी पुन्हा कशी जुळवली, हा प्रश्न माझ्या मनात खऱ्या अर्थाने उभा राहिला तो निवृत्तीनंतर. माझी मुलगी व्हर्जिनिया राज्यातील फेअरफॅक्स परगण्यात राहते. तिच्याकडे दोन हिवाळे राहण्याचा योग आला. बाहेर थंडी, घरात काम थोडे. तेव्हा तेथील ग्रंथालयातून पुस्तके आणून वाचण्याचा मी सपाटा लावला. त्या वाचनातून जे हाती लागले, ते आपल्या भगिनींपुढे मांडावे असे वाटते.

फेअरफॅक्स परगण्यातच पोटोमॅक नदीच्या काठी माउंट व्हर्नन हे जॉर्ज वॉशिंग्टन यांचे घर आहे. ते घर आज उभे आहे, ते स्त्रियांच्या एका मंडळामुळे. वॉशिंग्टनच्या मृत्यूनंतर पन्नासएक वर्षांत वास्तूची पार दुर्दशा झाली होती. सरकार ती घेण्यास तयार नव्हते. दक्षिण कॅरोलायनातील ॲन पॅमेला कनिंगहॅम या प्रकृतीने अत्यंत अधू असलेल्या बाईंनी १८५३ साली स्त्रियांना हाक दिली आणि गावोगावच्या स्त्रियांनी वर्गणी जमवून दोन लाख डॉलर उभे केले. १८५८ साली खरेदीचा करार झाला आणि १८६० साली घर मंडळाच्या ताब्यात आले. आजही त्या वास्तूची मालकी त्याच महिला मंडळाकडे आहे. तेथे गुलामांच्या दफनभूमीत याच मंडळाने १९२९ साली एक शिळा बसविली; तीवर ‘निष्ठावंत नोकर’ असा त्यांचा उल्लेख होता. १९८३ साली हॉवर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी आखलेले नवे स्मारक तेथे उभे राहिले, तेव्हा कुठे ‘गुलाम’ हा खरा शब्द दगडावर आला. दगडावर खरा शब्द येण्यास चोपन्न वर्षे लागली. मग कागदातून खरी नावे येण्यास किती लागली असतील याची कल्पना करावी.

या शोधात पहिली अडचण येते ती खानेसुमारीची. अमेरिकेत दर दहा वर्षांनी खानेसुमारी होते आणि वंशावळ शोधणारा माणूस एकेक दशक मागे मागे सरकत जातो. गोऱ्या कुटुंबाला हे सोपे असते. पण कृष्णवर्णीय कुटुंब मागे सरकत सरकत १८७० सालाशी आले की पुढे भिंत लागते. गुलामगिरी संपली १८६५ साली. मुक्त झालेल्या सर्वांची नावे प्रथम लिहिली गेली ती १८७० च्या खानेसुमारीत. त्याआधीच्या १८५० आणि १८६० च्या खानेसुमारीत गुलामांसाठी निराळे तक्ते होते. त्यांत मालकाचे नाव स्वच्छ लिहिलेले असे आणि त्याखाली गुलामांचे वय, स्त्री की पुरुष, आणि वर्ण, एवढेच. ‘स्त्री, वय तीस, काळी.’ ‘मुलगी, वय चार, काळी.’ नाव बहुधा नाहीच. एवढ्यावरून आपली पणजी कोणी कशी ओळखावी?

ही भिंत ओलांडण्याची वाट एकच : आपल्या पूर्वजांना सोडून त्यांच्या मालकाचा शोध घ्यायचा. मालक सापडला की त्याच्या परगण्याच्या न्यायालयात त्याचे मृत्युपत्र पाहावयाचे. मृत्यूनंतर झालेली मालमत्तेची मोजदाद पाहावयाची. वारसांत झालेल्या वाटण्या, कर्जासाठी लिहून दिलेली गहाणखते पाहावयाची. खानेसुमारीला गुलामाच्या नावाशी कर्तव्य नव्हते, पण वारसाला होते. कारण नाव नसेल तर वाटणी करता येत नाही. लोभानेच नावे जतन केली, असे म्हटले तरी चालेल.

याचे एक उत्तम उदाहरण म्हणजे क्वान्डर घराणे. कागदोपत्री माग काढता येणाऱ्या अमेरिकेतील अत्यंत जुन्या कृष्णवर्णीय घराण्यांत त्याची गणना होते. फेअरफॅक्सहून पोटोमॅक ओलांडली की मेरीलँड राज्य लागते. तेथील चार्ल्स परगण्यात पोर्ट टोबॅको नावाचे गाव आहे. नावावरूनच तेथे कशाची लागवड होत असे ते कळावे. तेथील हेन्री ॲडम्स नावाच्या मळेवाल्याने १६८४ साली मृत्युपत्र केले. आपल्याकडे छत्रपती संभाजी महाराजांची कारकीर्द चालू होती तो हा काळ. या मृत्युपत्रात ॲडम्सने हेन्री क्वान्डो हा पुरुष आणि मार्गारेट पग ही स्त्री या दोघांना गुलामगिरीतून मुक्त केले. पुढे ही दोघे नवरा-बायको झाली. क्वान्डो या नावाचेच लिहिता लिहिता क्वान्डर झाले. आपला मूळ पुरुष आफ्रिकेतील आजच्या घाना देशातून आला आणि त्याचे मूळचे आडनाव अम्क्वान्डो असे होते, अशी घराण्यातील परंपरागत समजूत आहे.

या कागदाचे महत्त्व ध्यानात घेतले पाहिजे. शेकडो मृत्युपत्रांत गुलामांची नावे आढळतात ती एकेरी : टॉम, जॅक, बेटी, सूकी. एकाच मळ्यावर तीन बेटी आणि चार जॅक असत. आडनाव नाही म्हणून त्यांतला आपला कोणता ते कळण्यास मार्ग नाही. ॲडम्सच्या मृत्युपत्रात मात्र दोघांचीही नावे आडनावांसह आहेत. एका मळेवाल्याच्या कारकुनी काटेकोरपणामुळे म्हणा किंवा त्या दोघांनी आपली नावे घट्ट धरून ठेवल्यामुळे म्हणा, त्या घराण्याला तीनशेहून अधिक वर्षांमागचा धागा हाती लागला. १९२६ सालापासून या घराण्याची कुलसंमेलने भरत आली आहेत आणि १९८४ साली त्यांनी त्या मृत्युपत्राची त्रिशताब्दी साजरी केली. मृत्युपत्राची त्रिशताब्दी साजरी करणारे घराणे मला तरी दुसरे ठाऊक नाही.

आता नदी पुन्हा ओलांडून व्हर्जिनियात येऊ. तेथील एक कायदा समजून घेतल्याविना पुढचे काही उमगणार नाही. इंग्रजांच्या रूढीप्रमाणे मूल बापाचे. बापाचे नाव, बापाचा दर्जा, बापाची मिळकत. व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने १६६२ साली ही रूढी गुलामांपुरती उलटी केली. मूल स्वतंत्र की गुलाम, हे आईवरून ठरावे असा कायदा झाला. स्त्रीचा मान वाढविण्यासाठी हा कायदा झाला असे कुणी समजू नये. गोऱ्या मालकापासून गुलाम स्त्रीला झालेले मूल गुलामच राहावे आणि मालकाच्याच मिळकतीत भर पडावी, हा त्यातला मतलब होता. पण या अन्यायाचा एक अनपेक्षित परिणाम झाला. मूल कुणाच्या मालकीचे हे आईवरून ठरणार, म्हणून मालकाला यादीत आईचे नाव लिहिणे भागच पडले. गोऱ्यांच्या वंशावळीत आई शोधावी लागते; गुलामांच्या यादीत बाप शोधावा लागतो. ज्या कायद्याने आईच्या कुशीला मळ्यातल्या पिकासारखे लेखले, त्याच कायद्यामुळे आज तिच्या वंशजांना तिचे नाव सापडते.

जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या मृत्युपत्राची कथा या कायद्याच्या प्रकाशातच वाचली पाहिजे. गुलाम त्यांच्याकडे आले तेही मृत्युपत्रानेच. १७४३ साली त्यांचे वडील वारले आणि वडिलांच्या मृत्युपत्रान्वये अकरा वर्षांचा जॉर्ज दहा माणसांचा मालक झाला. पुढे छप्पन्न वर्षे ते गुलामांचे मालक राहिले. ९ जुलै १७९९ रोजी त्यांनी स्वहस्ताने मृत्युपत्र लिहिले आणि त्याच उन्हाळ्यात आपल्या पाचही मळ्यांवरील गुलामांची यादी तयार केली. नाव, वय, काम, लग्न झाले आहे काय, नवरा किंवा बायको कोणत्या मळ्यावर, कुणाच्या मालकीची. सारे रकाने पाडून नीट लिहिलेले. यादीत एकूण ३१७ माणसे होती. त्यांपैकी १२३ वॉशिंग्टनच्या स्वतःच्या मालकीची, ४१ शेजाऱ्याकडून भाड्याने आणलेली, आणि उरलेली १५३ कस्टिस घराण्याच्या मिळकतीतील.

ही १५३ माणसे कोणती? मार्था वॉशिंग्टनचे पहिले यजमान डॅनिएल पार्क कस्टिस हे मोठे धनवान मळेवाले. ते १७५७ साली अचानक वारले आणि मागे मृत्युपत्र ठेवले नाही. तेव्हा कायद्याप्रमाणे मिळकतीचा तिसरा हिस्सा विधवेला मिळाला, पण तो केवळ हयातीपुरता उपभोगण्यासाठी. तिने तो विकायचा नाही, कुणाला द्यायचा नाही, त्यातील गुलामाला मुक्तही करायचे नाही. तिच्या पश्चात तो कस्टिसच्या वारसांकडे जायचा. १७५९ साली तिने वॉशिंग्टनशी विवाह केला, तेव्हा हा हिस्सा तिच्याबरोबर माउंट व्हर्ननला आला.

वॉशिंग्टन यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले की, आपल्या मालकीचे सर्व गुलाम मार्थाच्या मृत्यूनंतर मुक्त व्हावेत. म्हाताऱ्यांना व अपंगांना वारसांनी अन्नवस्त्र द्यावे. ज्या मुलांना आईबाप नाहीत, किंवा असून पोसू शकत नाहीत, त्यांना पंचविसाव्या वर्षापर्यंत सांभाळावे, लिहिणे-वाचणे शिकवावे आणि एखाद्या धंद्याला लावावे. स्वातंत्र्ययुद्धात सतत बरोबर असलेल्या विल्यम ली या सेवकाला मात्र तत्काळ स्वातंत्र्य आणि वर्षाला तीस डॉलर तनखा. १४ डिसेंबर १७९९ रोजी वॉशिंग्टन निवर्तले. आपल्या मरणावर शंभरावर माणसांचे स्वातंत्र्य अवलंबून आहे, या जाणिवेने मार्थाला घरात सुरक्षित वाटेना. हे मी माझ्या तर्काने लिहीत नाही. दुसरे राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांच्या पत्नी ॲबिगेल यांनी तिला भेटून आल्यावर पत्रातच तसे नमूद केले आहे. अखेर मार्थाने वाट पाहिली नाही. १ जानेवारी १८०१ पासून तिने यजमानांच्या गुलामांना मोकळे केले.

पण गेल्या चाळीस वर्षांत दोन्ही मालकीच्या माणसांची आपसांत लग्ने झाली होती. स्वयंपाकी हर्क्युलीस हा वॉशिंग्टनच्या मालकीचा, त्याची बायको ॲलिस कस्टिस मिळकतीतील. म्हणून मुलेही कस्टिस मिळकतीतील. बाप कोण याला किंमत नाही. हर्क्युलीस १७९७ साली पळून गेला. त्याच वर्षी पुढे फ्रान्सचा राजा झालेला लुई फिलीप माउंट व्हर्ननला पाहुणा आला होता. बाप दिसत नाही याचे तुला वाईट वाटत असेल, असे त्याच्या सेवकाने हर्क्युलीसच्या लहानग्या मुलीला विचारले. तेव्हा, मला आनंदच वाटतो, कारण ते आता मोकळे आहेत, अशा आशयाचे उत्तर तिने दिल्याची नोंद लुई फिलीपच्या रोजनिशीत आहे. १८०१ साली मृत्युपत्राने हर्क्युलीस कायद्यानेही मुक्त झाला. मुले मात्र गुलामच राहिली. २२ मे १८०२ रोजी मार्था वारली आणि कस्टिस मिळकतीतील माणसे तिच्या चार नातवंडांत वाटली गेली. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुले तिसरीकडे. ४५ वर्षांपूर्वी एका माणसाने मृत्युपत्र केले नव्हते, त्याचे हे फळ. त्याने केले असते तर गुलाम सुटलेच असते असे नव्हे. पण सोडण्याची इच्छा पुढे एखाद्याच्या मनात आली असती, तर तिला वाट राहिली असती.

आता त्याच यादीतील एका मुलीकडे वळू. पोटोमॅकच्या काठच्या मळ्यावर सकी बे नावाची स्त्री शेतात राबत असे. तिची मुलगी नॅन्सी. १७९९ च्या यादीत तिचे वय अकरा. जॉर्ज वॉशिंग्टन अकराव्या वर्षी एका मृत्युपत्राने मालक झाले; नॅन्सी अकराव्या वर्षी दुसऱ्या एका मृत्युपत्रात आली ती मुक्त होण्यासाठी. ती मुक्त झाली, कारण तिची आई वॉशिंग्टनच्या रकान्यात होती. आई दुसऱ्या रकान्यात असती तर तीच मुलगी नातवंडांच्या वाटणीत गेली असती. एवढ्याशा एका उभ्या रेघेवर कितीतरी पिढ्यांचे भवितव्य ठरले!

नॅन्सी पुढे चार्ल्स क्वान्डर याच्याशी लग्न करून क्वान्डर घराण्यात आली. अशा रीतीने मेरीलँडच्या १६८४ च्या आणि व्हर्जिनियाच्या १७९९ च्या मृत्युपत्रांचे धागे एका घरात एकत्र आले. सून म्हणून आलेल्या या मुलीने त्या घराण्याला केवढी मोठी ऐतिहासिक ओळख आणली पाहा. १८३५ साली अलेक्झांड्रियाच्या वर्तमानपत्रात बातमी आली की, वॉशिंग्टनच्या मृत्युपत्राने मुक्त झालेली काही कृष्णवर्णीय मंडळी आपण होऊन त्यांच्या समाधीभोवतीची जमीन सारखी करण्यासाठी आली आहेत. त्यांत पुरुषांच्या नावांबरोबर एकाच स्त्रीचे नाव आहे. छापणाऱ्याने ते ‘नॅन्सी स्क्वान्डर’ असे चुकीचे छापले आहे. आणि तिच्याकडे काम होते कामकऱ्यांसाठी स्वयंपाक करण्याचे. तेव्हा ती सत्तेचाळीस वर्षांची असावी. ती कशासाठी आली असेल? कृतज्ञतेने? की त्या दफनभूमीत तिचेही कुणी आप्त मातीआड गेले होते म्हणून? कागद एवढेच सांगतो की ती आली, आणि तिने सर्वांसाठी रांधले.

मुक्त झाले म्हणजे सुटले असेही नव्हते. व्हर्जिनियाच्या १७९३ च्या कायद्याने मुक्त कृष्णवर्णीयांना न्यायालयात आपली नोंद करून घ्यावी लागे. उंची किती, रंग कसा, चेहऱ्यावर किंवा हातावर कोणते व्रण, आणि स्वातंत्र्य कसे मिळाले, हे सारे त्यात लिहिले जाई. १८०६ साली आणखी एक कायदा झाला : यापुढे जो मुक्त होईल त्याने वर्षाच्या आत राज्य सोडावे. त्यामुळे १८०१ साली सुटलेल्यांना, आपण त्याआधीच मुक्त झालो, हे पुन्हा पुन्हा सिद्ध करावे लागे. म्हणून फेअरफॅक्सच्या नोंदवहीत ‘जनरल वॉशिंग्टन यांच्या मृत्युपत्राने मुक्त झालेल्या अमक्या स्त्रीची मुलगी’ अशा प्रकारच्या नोंदी सापडतात. अपमानासाठी ठेवलेली ती वही. पण १८७० च्या भिंतीला तिनेच दार पाडले. हातावरचा भाजल्याचा व्रण, उंची पाच फूट दोन इंच, असे काही वाचले की एक अनोळखी बाई दारात उभी राहिल्यासारखी वाटते.

स्त्रियांनी केलेल्या मृत्युपत्रांचाही या कथेत वाटा आहे. जॉर्ज वॉशिंग्टन यांची भावजय हॅना हिने १८०१ च्या सुमारास केलेल्या मृत्युपत्रात वेस्ट नावाच्या मुलाविषयी लिहून ठेवले की, त्याला देवी टोचाव्यात, चांगल्या कारागिराच्या हाताखाली धंदा शिकवावा आणि एकविसाव्या वर्षी कायमचे मुक्त करावे. वेस्टची आई व्हीनस. हा वेस्ट फोर्ड पुढे माउंट व्हर्ननजवळ जमीनदार झाला. १८३३ साली त्याने २१४ एकर जमीन घेतली आणि तेथे गम स्प्रिंग्ज ही मुक्त कृष्णवर्णीयांची वस्ती उभी राहिली. ती आजही आहे.

या वेस्ट फोर्डच्या वंशातील एक मुलगी क्वान्डर घराण्यात सून म्हणून आली आणि तिच्या पोटी नेली क्वान्डर जन्माला आल्या. नेली बाईंचे नाव आपल्यासारख्या मंडळातील स्त्रियांनी अवश्य लक्षात ठेवावे. त्या हॉवर्ड विद्यापीठाच्या पदवीधर, व्यवसायाने शिक्षिका. कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी १९०८ साली तेथे स्थापलेल्या ‘अल्फा काप्पा अल्फा’ या भगिनीमंडळाची १९१३ साली त्यांनी रीतसर नोंदणी करविली आणि त्याच्या पहिल्या राष्ट्रीय अध्यक्षा झाल्या. त्याच वर्षी वॉशिंग्टन शहरात स्त्रियांच्या मतदानहक्कासाठी मोठी मिरवणूक निघणार होती. तेव्हा नेली बाईंनी चालकांना पत्र लिहून, आमच्या मुली येतील, पण त्यांना वर्णावरून वेगळे काढता कामा नये, असे बजावले. ज्यांच्या आज्या-पणज्यांची नावे गुरांच्या यादीशेजारी लिहिली गेली, त्यांची नात आपल्या मुलींचे मिरवणुकीतले स्थान मागत होती.

येथे कुणी विचारील, की मग हे मृत्युपत्र लिहिणारे थोर म्हणावेत काय? मला वाटते, मरताना सोडणे हे जगताना सोडण्याइतके अवघड नसते. ज्याने आपल्या हयातीत त्यांच्या श्रमाचे सारे फळ घेतले, त्याने शेवटच्या कागदावर दिलेले स्वातंत्र्य ही देणगी नव्हे. फार तर उशिरा फेडलेले ऋण. पण कित्येकांनी तेवढेही फेडले नाही. तेव्हा त्या कागदाची किंमत त्याच्या लेखकाच्या थोरवीवर ठरवू नये. त्या नावांत आपली माणसे ओळखून जी पुढची पिढी ती काढून घेते, तिच्या धडपडीवर ती ठरवावी. मालकाने मिळकत म्हणून जी नावे लिहिली, तीच नावे वंशजांनी कुलसंमेलनात आदराने उच्चारली.

भगिनींनो, हे सारे वाचीत असता मला एकसारखी आठवण येत होती आपल्याकडील कागदांची. माझ्या माहेरी हाताने काढलेला एक मोठा वंशवृक्ष आहे. मूळ पुरुषापासून नऊ पिढ्या. प्रत्येक फांदीला पुत्रच पुत्र. जणू काही या घराण्यात नऊ पिढ्यांत एकही मुलगी जन्मली नाही आणि एकही सून आली नाही. आमच्या वडिलांना तीन थोरल्या बहिणी होत्या. घरात त्यांना मोठी आत्या, मधली आत्या, धाकटी आत्या म्हणत. मोठ्या आत्याचे खरे नाव आम्हां भावंडांपैकी कुणालाच ठाऊक नव्हते. ते मला सापडले ते हक्कसोडपत्रात. आजोबांच्या पश्चात जमिनीला वारस लावण्याची वेळ आली, तेव्हा तिघी बहिणींकडून लिहून घेतले गेले की, वडिलार्जित मिळकतीतील आमचा हक्क आम्ही राजीखुशीने भावाच्या लाभात सोडीत आहोत. त्या कागदावर मोठ्या आत्याचे नाव, वय, यजमानांचे नाव, सासरचे गाव, आणि खाली डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा, असे सारे आहे. घराण्याच्या सबंध दप्तरात तिचे पूर्ण नाव एकदाच आले. आणि ते तिने सर्व काही सोडून दिले त्या दिवशी!

आपल्या आया-आत्यांची स्थिती आणि मळ्यावरच्या गुलाम स्त्रीची स्थिती एक होती, असे म्हणण्याचा माझा मुळीच हेतू नाही. ती तुलना करणे म्हणजे त्या स्त्रियांच्या यातनांना हलके लेखणे होय. माझे म्हणणे एवढेच की, मिळकतीचे कागद हे मिळकतीपुरते नसतात. ज्यांना इतिहास लिहिणाऱ्यांनी वगळले, त्यांची नावे बहुधा अशाच रुक्ष कागदांत दडून असतात : मृत्युपत्र, हक्कसोडपत्र, वारसनोंद, फेरफार, बक्षीसपत्र, दागिन्यांची यादी. क्वान्डर घराण्याने ती तेथून काढली. आपणही काढू शकतो.

म्हणून मंडळापुढे माझी एक साधी सूचना आहे. प्रत्येक सभासद भगिनीने एक पाठकोरा कागद घ्यावा आणि त्यावर आपल्या आईचे, आजीचे, पणजीचे नाव लिहावे. सासरी ठेवलेले नाव आणि माहेरचे मूळ नाव, दोन्ही लिहावीत. माहेरचे आडनाव, गाव, तिला येत असलेली एखादी कला, आणि ही माहिती कोणत्या कागदात किंवा कुणाच्या तोंडून मिळाली, तेही लिहावे. जी म्हातारी माणसे सांगू शकतील त्यांना आजच विचारावे. पुढच्या वर्षी विचारू म्हणून ठेवू नये. रद्दीत टाकण्यापूर्वी जुने खत एकदा उलगडून पाहावे. हे कागद मंडळाच्या कपाटात एका फाइलीत जपून ठेवता येतील. आणि ज्यांच्या नावावर थोडेफार काही आहे, त्यांनी स्वतःचे मृत्युपत्रही वेळेवर करावे. त्यात लेकींची आणि सुनांची नावे पूर्ण, स्वच्छ अक्षरांत लिहावीत.

आमच्या वंशवृक्षावर मी तीन आत्यांची नावे लिहिली आहेत. जागा नव्हती म्हणून ती फांदीच्या बाजूला आली, पण आली. आता आजीचे माहेरचे नाव शोधते आहे. ते तिच्या वडिलांच्या गावच्या दप्तरात मिळण्याचा संभव आहे. दिवाळीनंतर तेथे जाण्याचा बेत आहे. कुणा भगिनीला यावयाचे असेल तर सोबत होईल.